काळ्या व्हिडिओचे दहा हजार भक्त

भवानी पेठेतल्या त्या मंगल कार्यालयात रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. लग्न नव्हतं, बारसंही नव्हतं. शेंगाचटणी कशी कुटायची हे शिकवणाऱ्या बायका, पंक्चर काढून दाखवणारे पोरगे, कुकरची शिट्टी दुरुस्त करणारे एक निवृत्त मास्तर, सगळे आपापला फोन छातीशी धरून बसले होते. कारण व्यासपीठावर व्ह्यूजानंद महाराज विराजमान होते. मूळ नाव ईरप्पा, मूळ धंदा मोबाइल रिचार्जचा. पण ते आता कुणी बोलायचं नाही.

"चॅनेल म्हंजे काय?" महाराज गरजले. "चैतन्य तुमाला वर न्हेल, म्हून चॅनेल! अल्गोरिदम कुणाला दिसत न्हाय, पण त्यो समद्यांना बघतो. बोला, सबस्क्राईबेश्वर महाराज की..."

"जय!"

पहिल्या रांगेत महादेवी बसली होती. वर्षभर ती शिवणकामाचे व्हिडिओ टाकत होती. बाही कशी लावायची, मशीनचा दोरा का तुटतो, असले साधे विषय. बघणारे जेमतेम दोनशे, आणि तेही भांडखोर. "ताई, तुमच्यामुळं डावी बाही उलटी लागली," असं केम गावची विजयमाला हमखास लिहायची. मग महादेवी तेवढा भाग पुन्हा करून दाखवायची.

"दोनशे मान्सं म्हंजे काय चॅनेल हाय व्हय?" असं म्हणत तिचा नवरा मल्लिनाथ तिला इथं घेऊन आला होता.

महाराजांचा विधी ठरलेला होता. आठवडाभर आधी दक्षिणेसह चॅनेलचं नाव कळवायचं, एक नवा व्हिडिओ टाकायचा आणि मग रविवारपर्यंत चॅनेल उघडून बघायचं नाही, नजर लागते. रविवारी महाराज फोन लाल फडक्यात गुंडाळत, फुंकर मारत आणि मोठ्या पडद्याला जोडत. बघणाऱ्यांचा आकडा दहा हजारांवर गेलेला असे. मग शेवटची अट. जुने व्हिडिओ आपल्या हातानं पुसून टाकायचे, कारण त्यांत साडेसाती बसलेली असते. चटणीवाल्या बायकांनी तर मागच्याच रविवारी डोळे मिटून सगळे पुसलेसुद्धा.

महादेवीची पाळी आली. फडकं उघडलं. दहा हजार! टाळ्यांचा कडकडाट झाला. मल्लिनाथ तर उभाच राहिला.

"पूस आता जुनं," महाराज म्हणाले.

महादेवीचा अंगठा थबकला. नवरा कामावर गेला की आवाज नको म्हणून पंखा बंद करून, घामानं निथळत केलेले व्हिडिओ होते ते. निदान ज्याच्यासाठी हे पुसायचं, तो नवा व्हिडिओ तरी डोळे भरून बघू, म्हणून तिनं तो लावला.

पडदा काळाकुट्ट. नुसती मशीनची खडखड.

तिच्या लक्षात आलं. त्या दिवशी रिळांच्या डब्याला टेकवलेला फोन कापडावर पालथा पडला होता, आणि गडबडीत तिनं तोच व्हिडिओ चढवला होता. खाली कौतुकाचा पाऊस मात्र पडत होता. 'अप्रतिम रंगसंगती.' 'सर, किती छान समजावलंत.' 'बाही बघून डोळे भरून आले.'

त्या गर्दीत एकच ओळ वेगळी होती, विजयमालाची. 'ताई, कायच दिसत न्हाय की. फोन बिघडला काय?'

महादेवीला हसू फुटलं.

"काय करालीस गं? पूस की!" मल्लिनाथ ओरडला.

"थांबा ओ. महाराज, ह्यात कुठला रंग दिसला ह्यांना?"

"त्याला दिव्यदृष्टी लागती!"

"मग केमच्या बाईलाच तेवढी न्हाय व्हय?"

मागून कुकरवाले मास्तर खो खो हसले आणि अख्खं कार्यालय हसलं. मास्तर उठून म्हणाले, "अहो, असे बघे इंटरनेटवर विकत मिळतात. माणसं नसतातच ती, खोटी खाती असतात. चॅनेलचं नाव आठवडाभर आधी कशाला हवं होतं? फुंकर तर आज मारली!"

"आणि चार दिवसांत आकडा का उतरतो?" चटणीवाली एक बाई रडवेली झाली.

"चॅनेलवाली कंपनी ती खोटी खाती उडवते, म्हणून," मास्तर म्हणाले. "महाराज म्हणतात श्रद्धा कमी पडली, पुन्हा या. आणि जुने व्हिडिओ पुसायला लावतात, कारण जुन्यांचे खरे शे-दोनशे शेजारी दिसले की खोटे दहा हजार उघडे पडतात."

महाराजांना अचानक ध्यानाची वेळ आठवली. ते मागच्या दारानं गेले. लाल फडकं तिथंच राहिलं.

महादेवीनं ते घरी आणलं आणि त्याचीच बाही कापत नवा व्हिडिओ केला. "नमस्कार. आज बाहीबरोबर खोटे बघे ओळखायला शिकू. सगळेच वाहवा करत असतील, तर आधी पडदा तपासा. फुंकरीनं शिवण येत नाही, तसं चॅनेलही वाढत नाही. आकडा कुठून आला, असं विचारा. विचारल्यानं देव रागावत नाही, रागावतो तो भोंदू."

तासाभरानं पहिली प्रतिक्रिया आली. 'ताई, हे कळलं. पण डावी बाही अजून उलटीच बसतीया.'

महादेवीनं पंखा बंद केला आणि डावी बाही पुन्हा घेतली.