जैवविविधता पट्टा

एका घरचे काम आटोपून दुसऱ्या घरचे सुरू होईपर्यंतचा दुपारचा वेळ मावशी संकुलाच्या बागेत, मोठ्या झाडाखाली पाय पसरून काढत. कामाच्या बायकांनी बागेत टेकायचे नाही, हा रिवाज कोणत्याही नियमावलीत नव्हता. म्हणूनच तो मोडणे अवघड होते; मावशी तेवढ्या मोडत.

मागच्या वस्तीतून या बायका ज्या पायवाटेने येत, तिच्यावर आणि बागेतल्या त्या झाडाभोवती काटेरी झुडुपे लावायचे संकुलाच्या समितीने ठरवले. समितीचे अध्यक्ष अण्णा. त्यांची सून महाविद्यालयात उद्यानरचना शिकवत असे, तेव्हा आराखडा घरातच आला. तिचा मुलगा मावशींच्या अंगाखांद्यावर वाढला होता. ठरावात त्याची नोंद असण्याचे कारण नव्हते.

जेवताना अण्णांनी शांतपणे समजावले. कुंपण हा शब्दच नको. ‘‘जैवविविधता पट्टा लिही. फुलपाखरं येतील, हरित मानांकनही मिळेल.’’

‘‘आणि मावशींनी बसायचं कुठे?’’

‘‘जिन्यात बसतात की बाकीच्या. तिथे आयती सावली आहे.’’

जिन्याला खिडकी नव्हती. तिथला उकाडा तिने मोजून समितीला कळवला होता. आकडा कुणीही खोडला नव्हता. मनावरही घेतला नव्हता.

‘‘मी सही करणार नाही, अण्णा.’’

घरातले घरात मिटव, असे नवरा ताटाकडे पाहत पुटपुटला. अण्णांचा आवाज चढला नाही. ‘‘सही करणारे छप्पन मिळतील, सूनबाई.’’

मिळाले. सही तिच्याच एका जुन्या विद्यार्थिनीची होती. मॅडमनी शिकवलेले सगळे वापरले, असे तिने फोन करून कौतुकाने सांगितले: देशी वाण, कमी पाण्यात तगणारी लागवड, पावसाचे पाणी मुरवणारे चर. चूक काढावी असे त्यात काही नव्हते. झुडुपे जोमाने वाढली.

मावशी जिन्यात बसू लागल्या. एका दुपारी घेरी येऊन पायऱ्यांवरून पडल्या, मनगट मोडले. दोन्ही घरांनी दुसरी बाई पाहिली. त्यांतले एक घर अण्णांचे. सून आडवी आली, तेव्हा सासूबाई एवढेच म्हणाल्या, ‘‘मनगट जुळेपर्यंत भांडी तू घासणार आहेस का?’’ ती घासू लागली. नवी बाई तरीही आली.

नव्या वर्गाला तिने पहिला अभ्यास दिला: जवळच्या बागेचा नकाशा काढा आणि तिथे ज्यांना बसू दिले जात नाही, ती माणसे त्यात दाखवा.

एका मुलीने खुणांचा तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. झाड, दिवा, बाक, कचऱ्याचा डबा.

‘‘मॅडम, या माणसांची खूण कोणती?’’

‘‘अजून कुणी केलेली नाही,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही करा. तोवर कुणाचाही नकाशा मी पुरा धरणार नाही.’’