खड्यांखालची माती

शिरवणे गावामागच्या टेकडीवरून माती चोरीला गेली आहे, असं सर्व्हेअर सुधीर कामतांनी तोंडावरच सांगितलं, तेव्हा चांगुणाबाईच्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

दोन वर्षांपूर्वी, सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात, नव्या शहराच्या आखणीसाठी उतारावरचं गवत खरवडून काढलं, हद्दीचे दगड पुरले आणि राखणीला चांगुणाबाईला ठेवलं. पलीकडच्या टेकडीवरून लोक ट्रक भरभरून मुरूम नेत; इकडे तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. दगड तेव्हा जमिनीबरोबर होते. आता दसऱ्यानंतर कामतांनी पट्टी लावली, तर एकेक दगड दोन इंच वर आलेला. दगड काही वाढत नाहीत. तेव्हा माती कोणीतरी नेली, आणि राखणदारीण झोपली तरी होती किंवा सामील तरी. रिपोर्ट संध्याकाळपर्यंत वाशीच्या ऑफिसात द्यायचा होता. तो गेला की आपलं काम गेलं, हे चांगुणाबाईला कोणी वेगळं सांगायला नको होतं.

ती रडलीभेकली नाही. हात झटकून उठली, साहेबांना उताराच्या मधोमध घेऊन गेली आणि उकिडवी बसली. इस्त्रीच्या पँटचा विचार करत तेही बसले.

"यो खडा बगा, सायेब. कशावर उबा हाय?"

सुपारीएवढा खडा मातीच्या बारक्या खांबावर बसला होता. शेजारचाही. नीट पाहिलं तर सगळ्या उतारावर तसे शेकडो खडे.

"कोनी फावरा मारला असता, तर ह्ये खांब ऱ्हायले असते? पावसाचा थेंब वरशी आपटतो, माती उडते, पानी खाली नेतं. खड्यानं छत्री धरली, तेवडीच वाचली."

कामतांनी खांबांना पट्टी लावली. काही दीड इंचाचे, चपट्या दगडाखालचा बरोबर दोन. मग तिने करवंदीच्या जाळीकडे बोट केलं. तिथलं गवत कोणी काढलं नव्हतं, आणि काट्यांमुळे सकाळी कामतांनी तिथला हद्दीचा दगड मोजलाही नव्हता. आता ओरबाडून घेत मोजला. तो जमिनीबरोबरच होता.

कामतांनी चोरीची ओळ खोडली आणि पावसाने धूप झाल्याचं लिहिलं. चांगुणाबाईने ते त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा ऐकताना तिचा चेहरा पडला.

"म्हंजे चोर पाऊस. मंग राखनीला मी कशाला?"

हे कामतांच्या लक्षात आलं नव्हतं. तीच म्हणाली की उतारावर परत गवत लावा, मुळं माती धरतील; पण कोवळं गवत दिसलं की बकऱ्या येतात, त्यांना हाकायला माणूस लागेल.

त्यांनी तेही लिहिलं. सही करता करता विचारलं, "इथे बकऱ्या कोणाच्या आहेत, मावशी?"

"माज्याच," चांगुणाबाई म्हणाली. "म्हनूनच सांगते, माजंच ऐकतील."

कामतांनी सही पुरी केली.