एका माणसाचा भात

मित्रांनो, मी एक जुना पितळी टोप आहे. तीस माणसांचा मसालेभात माझ्यात सहज शिजतो. हे मी जरा ऐटीतच सांगतो, कारण ऐट करण्यासारखं माझ्याकडे आता दुसरं काही उरलेलं नाही. कल्हई उडाली आहे, बूड काळं पडलं आहे, आणि काठाला एक भलामोठा पोचा आहे. मला पाहणाऱ्या प्रत्येकाची नजर आधी त्या पोच्यावर जाते. म्हणून आज त्याचीच हकिगत सांगतो.

माझा जन्म पुण्याच्या तांबट आळीतला. ठोके खाऊनच मी घडलो, त्यामुळे ठोक्यांचं मला भय नव्हतं. कालिंदीमावशींच्या लग्नात मी त्यांच्या घरी आलो. पुढे त्यांचे यजमान दिनकरराव यांची रेल्वेत कलकत्त्याला बदली झाली आणि मीही गोणपाटात गुंडाळून गार्डन रीचच्या क्वार्टर्समध्ये पोचलो. तिथे आसपास सहा-सात मराठी बिऱ्हाडं होती. हळदीकुंकू असो, गणपती असो, चुलीवर मीच.

मावशींची दोन वैशिष्ट्यं तुम्हाला माहीत हवीत. एक म्हणजे, त्या तांदूळ मुठीनं मोजत. माणशी दोन मुठी. त्यांचा अंदाज कधी चुकला नाही, भात ना उरला ना कमी पडला. आणि दुसरं, जेवण तयार झालं की त्या पितळी डावानं माझ्या काठावर तीनदा ठोकत. ठण, ठण, ठण. क्वार्टर्समधली सगळी पोरं तो आवाज ओळखायची.

१९६९ साली कार्तिकी पौर्णिमा रविवारी आली. दिनकररावांनी पंचांग पाहून ठरवलं की त्या दिवशी आवळीभोजन करायचं, तेही नदीतल्या एका लहानशा बेटावर. कार्तिकात आवळ्याखाली बसून जेवायची आपली रीत आहे ना, तीच. बेटावर आवळ्याचं झाड नव्हतं, म्हणून सियालदहच्या बाजारातून एक फांदी आणली. मोटरलाँच ठरली. लाँच चालवणारा सारंग कासेम हा जन्मभर त्याच नदीवर वावरलेला माणूस. दिवस कळल्यावर तो म्हणाला, "बाबू, पूर्णिमा के दिन बान आता है. बारा बजे के पहले चर छोड़ना होगा."

चर म्हणजे नदीतलं वाळूचं बेट, आणि बान म्हणजे समुद्राच्या भरतीची लाट. पुनवेला आणि अमावास्येला ती भिंतीसारखी नदीतून वर चढत येते. आपल्या मंडळींना हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी पौर्णिमा म्हणजे चांगला दिवस, एवढंच.

निघालेली माणसं वीस. त्यांत सात वर्षांची लीना होती. तिची आई प्रतिभा बाळंतीण, वडील ड्यूटीवर, म्हणून शेजारच्या वृंदाकाकूंवर तिला सोपवलेलं. लीना कलकत्त्यातच वाढलेली. तिचं मराठी थोडं बंगाली वळणाचं, आणि पोरं त्यावरून तिला चिडवायची.

बेट अगदी शांत होतं. वाळू, कमरेच्या वर वाढलेलं काशाचं गवत, आणि माणूस म्हणून एकही नाही. लाँच खोल पाण्यात थांबली आणि डिंगीतून, म्हणजे छोट्या होडीतून, आम्ही काठावर उतरलो. लाकडं ओली निघाली, त्यामुळे भाताला उशीर झाला. तेवढ्यात लीनानं कुणाकडे तरी पाणी मागितलं, "मला पाणी खायचंय." बंगालीत पाणीही 'खातात'. पोरं फिदीफिदी हसली. एकानं तर तिला पाणी चावून दाखवायला सांगितलं. थोड्या वेळानं लीना गवताच्या बाजूला चालू लागली. मी चुलीवरून तिला जाताना पाहिलं. मला वाटलं, भूक लागली की येईल.

मावशींनी तीनदा ठोकलं. पंगत बसली. दिनकररावांनी केळीची पानं मांडली होती. पोरं जागेवरून उठत होती, पुन्हा बसत होती. कासेम लाँचवरून घाई करत होता. जेवणं उरकल्यावर दिनकररावांनी वाढलेली पानं मोजली. "वीस. सगळे जेवले. चला." डिंगीच्या फेऱ्या सुरू झाल्या. घाईत झाकण लावून मला शेवटच्या फेरीत नेलं.

मित्रांनो, मला तोंड आहे पण बोलता येत नाही, याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. माझ्या तळाशी भात होता. थोडाथोडका नाही, एका माणसाचा. आणि लाँच बेटापासून दूर चालली होती. भीतीनं माझं गरम बूडसुद्धा गार पडलं.

मावशी मला घासायला बसल्या. झाकण काढलं आणि त्यांचा हात तसाच राहिला.

"अहो, एका माणसाचा भात उरलाय."

"नैवेद्याचा असेल," दिनकरराव म्हणाले.

"नैवेद्याची मूठ मी वेगळी घातली होती. कोणीतरी जेवलेलं नाही."

दिनकररावांचा चेहरा उतरला. आवळ्याच्या फांदीपुढे नैवेद्याचं पान त्यांनी स्वतःच ठेवलं होतं. मोजताना तेही मोजलं गेलं होतं. विसावं पान देवाचं होतं.

"लीना कुठाय?" वृंदाकाकूंनी विचारलं. त्यांना वाटत होतं, ती वर पोरींबरोबर आहे. पोरींना वाटत होतं, ती काकूंजवळ आहे. वृंदाकाकू कठड्याकडे धावल्या. "तिच्या आईला मी काय सांगू?" एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

कासेमनं लांबवर पाहिलं. बान येताना लाँच मधोमध खोल पाण्यात हवी, काठाशी असली तर उलटते. तरी त्यानं चाक बेटाकडे फिरवलं. बेट अर्ध्याहून कमी उरलं होतं. आमची चूल पाण्याखाली गेली होती. सगळे हाका मारू लागले, पण वारा उलटा होता. गवतातून उत्तर येईना.

आवाज पोचावा म्हणून कासेमनं इंजिन बंद केलं आणि एकटाच डिंगीत उतरला. मावशींनी मला कठड्यावर टेकवलं आणि डाव उचलला. ठण, ठण, ठण. पुन्हा. पुन्हा. इतक्या जोरानं त्यांनी मला कधी मारलं नव्हतं. त्या रडत होत्या आणि मारत होत्या. माझा काठ आत गेला, तरी मी मनात म्हणत होतो, अजून जोरात मारा.

मग गवतातून एक लहान डोकं वर आलं. रुसून बसल्या जागी तिला झोप लागली होती. पाणी तिच्या गुडघ्यांना लागलं होतं आणि ती जिथून आवाज येत होता तिकडे पाहत होती. कासेमनं तिला उचलून डिंगीत टाकलं. दोघं लाँचवर चढली, इंजिन धडधडलं, आणि आम्ही मधल्या पाण्यात पोचतो न पोचतो तोच दूरवरून घरघर ऐकू आली. पांढरी लाट आली. कासेमनं लाँचचं नाक तिच्यावर धरलं. आम्ही वर गेलो, खाली आपटलो. मी फळ्यांवरून गडगडत गेलो. सगळे एकमेकांना घट्ट धरून होते. लाट गेली तेव्हा मागे बेट नव्हतं. आवळ्याची फांदीही नव्हती.

लीना वृंदाकाकूंच्या कुशीत थरथरत होती. बऱ्याच वेळानं ती हळूच म्हणाली, "मी पाणी खाणार."

कोणी हसलं नाही. तिला चिडवणाऱ्या पोरानंच तांब्या पुढे केला. मग मावशींनी माझ्या तळाचा भात तिला भरवला. शेवटच्या शितापर्यंत.

त्यानंतर मावशी जेवण वाढण्याआधी प्रत्येक पोराला नावानं हाक मारायच्या आणि उत्तर आल्याशिवाय डाव उचलायच्या नाहीत. पुढे स्टीलची भांडी आली आणि मी माळ्यावर गेलो. तिथे धूळ आहे, झुरळं आहेत, याबद्दल माझी तक्रार आहेच. कधी कधी दिनकरराव मला खाली काढतात आणि म्हणतात, तांबटाकडे देऊन हा पोचा काढून घेऊ या. मावशी नको म्हणतात.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं एखादं जुनं भांडं असेल, तर त्याला अधूनमधून कल्हई करा, चिंच लावून घासा. पण पोचा असेल तर तो काढण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारा, तो कशानं पडला. आणि सहलीहून निघताना पानं मोजू नका. एकेकाला नावानं हाक मारा, आणि रुसून लांब बसलेल्याला सगळ्यांच्या आधी.