सहाशे चाळीस यार्ड

ओरिनने दुर्बीण खाली घेतली आणि मान हलवली. "नाही वेन. लांब आहे."

वेंडेल खडकाला टेकून बसला होता. पुढ्यात सामानाची पिशवी, पिशवीवर बंदूक. बावीस वर्षं तो दर ऑक्टोबरला आमच्याकडे शिकारीला येतोय, आणि ओरिनच्या 'नाही'वर तो कधीच काही बोललेला नाही. दरीच्या पलीकडे, समोरच्या उतारावर, एल्क हरणाचा नर आडवा उभा राहून गवत खात होता. दोन्ही शिंगांना सहा-सहा टोकं, मान काळी, अंग पिवळसर. आम्ही तिघं त्याच्या खिजगणतीतही नव्हतो. अंतर मोजायचं यंत्र सहाशे चाळीस यार्ड दाखवत होतं, आणि ओरिन स्टॅडलर, म्हणजे माझा नवरा, तीनशेच्या पुढे कुणालाही चाप ओढू देत नाही.

या एका नियमापायी आमची किती गिऱ्हाइकं गेली, ते मला विचारा. खालच्या गावातले तरुण वाटाडे हल्ली हजार यार्डांची हमी देतात, जाहिरातीत फोटो छापतात. आमचा हा बाबा आपला चाळीस वर्षं तेच सांगत बसलाय. म्हणतो, जवळ जा. त्याला तुझा वास यायला हवा, चाहूल लागायला हवी, पळून जायची सोय त्यालाही हवी. आणि लांबची गोळी पोचायला जवळजवळ एक सेकंद लागतो, तेवढ्यात जनावर एक पाऊल टाकतं. ते पाऊल कुणाच्याच हातात नसतं. हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत, पण खोटं आहे असं मला कधी म्हणता आलं नाही.

वेंडेल क्रोकर मात्र टिकला. नेब्रास्कात शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. बावीस वर्षांत त्याला तीन नर मिळाले, बाकीच्या वर्षी रिकाम्या हाताने गेला, आणि जाताना दरवेळी मला म्हणायचा की व्हर्ना, तुझ्या हातचे पॅनकेक खायला येतो गं, एल्क हे निमित्त. या वर्षी तो आला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. यकृतात गाठ होती. कोट खांद्यावरून ओघळत होता. पन्नास पावलं चालला की त्याला बसावं लागायचं. डॉक्टर वसंतापलीकडचं काही बोलत नव्हते. डोंगरातल्या तळापर्यंतची सहा तासांची वाट आम्ही त्याला आमच्या म्हाताऱ्या घोडीवर बसवून दोन दिवसांत पार केली.

बंदूक त्याच्या मुलाने घेऊन दिलेली. बाबांना आता चालवत नाही, तर निदान लांबून तरी मारू दे, एवढाच त्या पोराचा हिशेब. वेंडेलने अख्खा उन्हाळा शेतात लोखंडी पत्रा टांगून सराव केला होता. आठशे यार्डांवरून चाळीसपैकी चाळीस. हे त्याने आम्हाला लाजत लाजत सांगितलं होतं, नवी सायकल मिळालेलं पोर सांगतं तसं.

आता तो माझ्याकडे बघत नव्हता, ओरिनकडेही बघत नव्हता. मांडीवरचा हातमोजा सरळ करत बसला होता. मला ते बघवेना. खाली दरीत उतरून पलीकडे चढायचं म्हणजे धडधाकट माणसाचे दोन तास. या माणसाला जवळ जा म्हणणं म्हणजे घरी जा म्हणण्यासारखंच होतं.

"मारू दे त्याला, ओरिन," मी म्हणाले. "तुझा नियम पुढच्या वर्षी पाळ."

बोलले खरी. ते शब्द परत घेता आले असते तर मी घेतले असते, पण घेता येत नाहीत.

ओरिनने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने गवताची काडी तोडून हवेत सोडली, वारा पाहिला, वेंडेलच्या शेजारी बसला आणि हळू आवाजात त्याला आकडे सांगू लागला. आवाज नेहमीचाच होता, पण जबडा घट्ट आवळलेला. वेंडेलने श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला.

आणि त्या नराने पाऊल टाकलं. फार काही नाही, पुढच्या घासासाठी एक पाऊल. दुर्बिणीतून मला ते स्पष्ट दिसलं. नराने मान वर केली, जरा थांबला आणि पाइनच्या दाट झाडीत निघून गेला. लंगडला की नाही ते मला सांगता येणार नाही.

"चुकली," वेंडेल म्हणाला.

"जाऊन बघतो," ओरिन म्हणाला. तो नेहमीच जाऊन बघतो. शिकारी लाख म्हणू दे की चुकली, ओरिन त्या जागेवर उभा राहिल्याशिवाय मानत नाही.

लांबच्या गोळीत अडचण अशी की इकडून जी जागा बोटाने दाखवता येते, ती तिकडे पोचल्यावर सापडत नाही. एका घळीच्या पाच घळी होतात, सगळी झाडं सारखी दिसायला लागतात. म्हणून एकाने मागे थांबायचं आणि नारिंगी जाकीट हलवून दिशा दाखवायची. उजवीकडे, डावीकडे, दोन्ही हात वर म्हणजे थांब. ते काम माझं. ओरिन सहासष्ट वर्षांचा, तो दरीत उतरला आणि दिसेनासा झाला. वेंडेल आणि मी बसून राहिलो.

मी त्याला थर्मासमधली कॉफी दिली. तो कप दोन्ही हातांत धरून शेकत बसला. म्हणाला, ओरिनने मला बावीस वर्षांत निदान तीस वेळा अडवलं असेल. दरवेळी राग यायचा, आणि गाडी नेब्रास्कात शिरेपर्यंत निवळलेला असायचा. आज अडवलं नाही, तर बरं वाटायला हवं होतं. मी म्हटलं, दोष द्यायचाच तर मला दे, अडवायच्या जागी मीच तोंड घातलं. तो हसला आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

मग कप खाली ठेवून म्हणाला, "लोखंडी पत्रा पाऊल टाकत नाही, व्हर्ना. हे मला उन्हाळ्यात सुचायला हवं होतं."

मी जाकीट उचललं, कारण ओरिन पलीकडच्या उतारावर दिसायला लागला होता. डावीकडे, अजून डावीकडे, वर. मग मी दोन्ही हात वर केले.

ओरिन उकिडवा बसला. हातमोजा काढून त्याने गवत चाचपलं. काहीतरी बारीक उचलून तळहातावर धरलं आणि डोळ्यांजवळ नेलं. मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तसाच बसून राहिला. बोटं त्याने गवतात साचलेल्या बर्फाला पुसली. मी मोठ्या दुर्बिणीतून बघत होते, आणि बर्फ तिथे लालसर झालेला मला दिसला.

वेंडेलच्या बंदुकीवरही भिंग होतं. पण माणसाच्या दिशेने बंदूक धरायची नाही, म्हणून त्याने ती केव्हाच उलटी करून ठेवली होती. त्याला नुसत्या डोळ्यांनी एक ठिपका तेवढा दिसत असणार.

"टोपी काढली का त्याने?" त्याने विचारलं. जनावर पडलेलं सापडलं की ओरिन टोपी काढतो, हे त्याला माहीत होतं.

"नाही," मी म्हणाले. "वारा आहे ना, धरून बसलाय."

ओरिन झाडीत शिरला. तो परत आला तेव्हा चार वाजून गेले होते. चेहरा राखेसारखा झाला होता, पँट गुडघ्यांवर भिजलेली. वेंडेलच्या समोर उभा राहून तो म्हणाला की केस नाहीत, रक्त नाही, गोळी पाठीवरून गेली. "उद्या दुसरा बघू आपण. जवळचा." वेंडेल म्हणाला, बरं.

संध्याकाळी भांडी घासताना मी ओरिनला कोपऱ्यात गाठलं. त्याने खिशातून हाडाची बारीक कपची काढून दाखवली. पुढचा पाय, गुडघ्याच्या वर. पाऊण मैल माग काढला, मग दुसऱ्या कळपाच्या खुरांत माग हरवला. आमच्या तळावरचा नियम सरकारी नाही, ओरिनचा आहे, पण आजवर मोडला नव्हता. रक्त दिसलं की शिकार झाली. जनावर हाती लागो न लागो, त्या माणसाची बंदूक त्या वर्षापुरती म्यानात. एकदा डेन्व्हरचा एक वकील यावरून केवढा भांडला होता, ओरिनने त्याचे पैसे परत करून त्याला घोड्यावर बसवलं होतं.

"खोटं बोललास त्याच्याशी," मी म्हणाले.

"तू?"

"मी पण."

तो भांडी पुसत राहिला. मग म्हणाला, "त्याला पुढचं वर्ष नाही गं," आणि त्याचा आवाज फुटला. सदतीस वर्षांच्या संसारात मी ते दोनदाच ऐकलंय.

दुसऱ्या दिवशी मी चूल पेटवली तेव्हा ओरिनचं अंथरूण रिकामं होतं. वेंडेलला मी सांगितलं की वरच्या कुरणात एल्क आहेत का ते बघायला गेलाय. तो अंधार पडल्यावर आला. तिसऱ्या दिवशीही तेच. वेंडेल शेगडीजवळ बसून मला बटाटे सोलून द्यायचा, जुने किस्से सांगायचा आणि मधूनमधून तंबूच्या दारातून डोंगराकडे बघायचा. विचारलं मात्र एकदाही नाही. मी आपली बडबडत राहायचे, गप्प बसले की भीती वाटायची.

चौथ्या दिवशी पहाटे उजाडता उजाडता ओरिन निघायच्या तयारीत होता. तेवढ्यात तळाखालच्या ओढ्यापलीकडे, मोकळ्या कुरणात, दुसरा नर येऊन उभा राहिला. पाच-पाच टोकांचा, तरुण, ताजा. फार तर एकशे वीस यार्ड. वारा आमच्याकडे येत होता. असा योग चाळीस वर्षांत पाच-सहा वेळा आला असेल.

ओरिनने वेंडेलची बंदूक आणून त्याच्या हातात दिली, त्याला लाकडाच्या ओंडक्यावर टेकवून बसवलं आणि कानाशी म्हणाला, "मार, वेन. सावकाश मार."

वेंडेलने बंदूक खांद्याला लावली. नर पाणी पीत होता. वेंडेल भिंगातून खूप वेळ बघत राहिला, अगदी पोट भरेपर्यंत बघितलं म्हणा ना. मग त्याने बंदूक खाली घेतली, काडतूस काढलं आणि ओंडक्यावर उभं करून ठेवलं.

"चुकलेल्या जनावराला कुणी दोन दिवस शोधत नाही, ओरिन," तो म्हणाला. "माझा नर झालाय. तो वर कुठेतरी आहे."

मी ओरिनच्या दंडाला धरलं. नराने मान वर केली, आमच्याकडे पाहिलं आणि सावकाश चालत झाडीत गेला. आम्ही तिघं तो दिसेनासा होईपर्यंत बघत होतो. मला रडू येत होतं, आणि खरं सांगायचं तर त्या नराइतकीच माझीही सुटका होती ती. खोटं बोलून मला तीन दिवस जेवण गेलं नव्हतं.

वेंडेलने कोटाच्या आतल्या खिशातून परवाना काढला. एका परवान्याला एकच जनावर; ते पडलं की त्या कागदावरचा महिना आणि तारीख चाकूने कापायची, खाली सही करायची आणि कागद जनावराला बांधायचा, की मग ते आपलं. वेंडेलने चाकू उघडला. कागद गुडघ्यावर दाबून धरला. त्याने महिना कापला. मग तारीख कापली, आजची नाही, गोळी झाडली त्या दिवसाची. सही केली, घडी घातली आणि कागद ओरिनपुढे धरला.

"सापडला तर त्याच्या शिंगाला बांध," तो म्हणाला. "नाही सापडला तरी तो माझाच."

ओरिनने कागद शर्टाच्या खिशात ठेवला, खिशाचं बटण लावलं आणि घोड्यावर खोगीर घालायला गेला. पट्टा आवळायला त्याला नेहमीपेक्षा वेळ लागला.