सोनामेहेरचा अडकित्ता

नाकाला रुमाल लावायचा असेल तर लावा, मला राग येणार नाही. माझ्या तोंडाला अजून गंजाचा वास येतो. मी सोनामेहेरचा अडकित्ता. ती रोहिंग्या बाई, म्यानमारच्या अराकान प्रांतातल्या मंगडूजवळच्या खेड्यातली. हल्ली आम्ही अमेरिकेत असतो, मिशिगनमधल्या ट्रॉयला, तिच्या नातीच्या घरी.

गावच्या लोहारानं मला तिच्या लग्नासाठी घडवलं. आमच्याकडे पाहुणा आला की आधी पान, मग बाकीचं बोलणं. सोयरीक जुळली तरी पान, भांडण मिटलं तरी पान. सोनामेहेर सुपारी कातरता कातरता किस्से सांगायची. लंगड्या बगळ्यानं राजाच्या मुलीला मागणी घातली, तो किस्सा तिचा लाडका. ऐन रंगात आली की ती मला तसाच उघडा धरून ठेवायची आणि पोरं तिच्या अंगावर रेलायची. उठण्याआधी माझ्या खिळीवर खोबरेल तेलाचं बोट फिरलं नाही, असं कधी झालं नाही.

सैनिकांनी गाव जाळलं तेव्हा तिनं मला ओढणीच्या गाठीत बांधलं आणि लहानग्या नातीचा, रोकेयाचा, हात धरला. मी काही पराक्रम केला नाही. गाठीत पडून होतो, एवढंच. नाफ नदी ओलांडून बांगलादेशातल्या छावणीत गेलो, तिथंही सुपारी कातरली. बऱ्याच वर्षांनी, रोकेया मोठी झाल्यावर, इकडे आलो.

ट्रॉयमधल्या काही मंडळींनी रोहिंग्यांच्या वस्तू, गाणी आणि किस्से जपायचे म्हणून एक प्रदर्शन काढायचं ठरवलं. शैलजा त्यांची प्रमुख, मूळची पुण्याची. नागपूरची दीक्षा नोकरी सांभाळून तिला मदत करायची. दीक्षाच घरी आली, मांडी घालून बसली आणि तिनं सगळे किस्से फोनवर रेकॉर्ड केले. सोप्या हिंदीत विचारायची, अडलं की रोकेया इंग्रजीतून समजावायची.

"मावशी, हा अडकित्ता थोडे दिवस आम्हाला द्याल?"

सोनामेहेरनं मला पुसून, तेल लावून तिच्या हातात दिलं. "पण याला नुसता ठेवू नका. कुणी आलं तर सुपारी कातरू द्या."

मांडणीचं काम उल्हासकडे होतं. त्यानं मला दिव्याखाली धरलं आणि नाक मुरडलं. "यार, हा तर कालच दुकानातून आणल्यासारखा दिसतो. थोडा जुना करू या. बघितल्याबरोबर स्टोरी कळली पाहिजे."

"डॅमेज नको करूस," शैलजा लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाली.

"वरवरचा गंज गं, बाकी काही नाही."

कुणीतरी पास्ता खाऊन टाकलेल्या प्लास्टिकच्या डब्यात त्यानं व्हिनेगर ओतलं, मीठ टाकलं आणि मला त्यात बुडवलं. डब्याच्या कडेला लाल तेलाचा थर होता, तो सुटून माझ्या अंगावर चिकटला. खीळ फुगली. पात्यांवर तांबूस साका धरला आणि बोट लावलं की सुटायला लागला. स्वतःच्याच अंगाची शिसारी कशी येते, ते मला त्या डब्यात कळलं.

मग मला काचेच्या पेटीत ठेवलं. वर लाल दिवा, खाली पाटी: 'या शस्त्रानं एका आजीनं नातीचे प्राण वाचवले.' जिथं किस्से ऐकवायचे ठरलं होतं, तिथं एक व्हायोलिन हुंदके देत होतं. "बगळा वगैरे नको, मूड जातो," असं शैलजानं दीक्षाला सांगितलेलं मी ऐकलं होतं.

उद्घाटनाला माणसं आली. एका हातात वाइन, दुसऱ्या हातात काडीला टोचलेलं चीज. माझ्यासमोर येऊन चेहरा लांब करायचा, फोटो काढायचा; फोटो झाला की चेहरा पूर्ववत आणि पुढचं चीज. एकानं चाटलेलं बोट काचेवर टेकवलं आणि "सो पॉवरफुल" म्हणाला. तो ओला ठसा माझ्या डोळ्यांसमोर वाळला.

सोनामेहेर नवी ओढणी घेऊन आली. रोकेयानं पाटी वाचली आणि आजीला अर्थ सांगितला. भोवतीचे फोन वर झाले.

"मावशी, ओळखलात ना?" शैलजानं विचारलं.

"नाही," सोनामेहेर म्हणाली. "माझा असा नव्हता. आणि मी त्यानं कुणाला मारलं नाही. मी सुपारी कातरली."

रोकेयानं ते इंग्रजीत सांगितलं, मोठ्यानं.

"तिला एक्सप्लेन कर ना, हे सिम्बॉलिक आहे," उल्हास दीक्षाला म्हणाला.

"तू याला काय लावलंस?" दीक्षानं विचारलं. त्यानं सांगितलं. तिनं शैलजापुढे हात केला. "पेटीची किल्ली दे."

"आत्ता? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोरच तर ठेवलाय."

शैलजानं खाली बघत किल्ली दिली. सोनामेहेरनं मला हातात घेतलं, हुंगलं, आणि तिचं तोंड वाकडं झालं. मेलेला उंदीर शेपटीला धरून बाहेर नेतात, तसं तिनं मला दोन बोटांच्या चिमटीत घरी नेलं. तिचा दोष नाही, पण ते मला लागलं.

घरी तिनं मला लिंबानं घासलं, राखेनं घासलं, तेलात ठेवलं. खीळ सुटली. पात्यांना पडलेले खड्डे मात्र राहिले. पहिली सुपारी कातरली जाईना, चुरडली. तिनं कण जिभेवर ठेवला आणि थुंकून टाकला. तेव्हापासून पाहुण्यांना इंडियन स्टोअरमधली पाकिटातली गोड सुपारी मिळायला लागली. त्या सुपारीच्या अत्तरासारख्या वासानं मला मळमळतं.

एका रविवारी दीक्षा आली. सोनामेहेरनं पाकीट बाजूला सारलं, मला उचललं आणि कातरलेला तुकडा तिच्या हातावर ठेवला. दीक्षानं तो चावला. तिचे डोळे बारीक झाले.

"कसा आहे?"

"मावशी, लोखंड लागतं. घाण चव आहे."

सोनामेहेरनं तस्त पुढे केलं. "थुंक."

दीक्षा थुंकली. सोनामेहेर हसायला लागली, ओढणी तोंडाला लावून, पोट धरून. मग तिनं दुसरी सुपारी घेतली आणि बगळ्याचा किस्सा पहिल्यापासून सुरू केला. दीक्षाचा हात फोनकडे गेला.

"आधी ऐक," सोनामेहेर म्हणाली.

तुम्हीही या कधीतरी. माझ्या हातची सुपारी कडू लागेल, तस्त जवळच असतं, खुशाल थुंका. पण आलात की बसा. उभ्या उभ्या हळहळून जाणारे मी खूप पाहिले, त्यांचा मला वीट आलाय.