न धुतलेला सदरा

माझा जावई शेरमात स्वतःला शिकारी म्हणवायचा, आणि त्याला तसं म्हणणारा सबंध खोऱ्यात तो एकटाच होता. ऊन चढलं की आमच्या डोंगरात वारा खालून वर धावतो, म्हणून माझा म्हातारा हयात होता तोवर उजाडायच्या आत कड्याच्या माथ्यावर जाऊन बसायचा आणि चिमूट चिमूट राख सोडून वारा बघत रानबोकडांवर वरून उतरायचा. शेरमात मात्र भरपूर लसूण घातलेलं मटण हादडून भर उन्हात खालून चढायचा. त्याच्या आधी त्याचा वास वर पोचलेला असायचा. माझी लेक अनिपा दिवसांत होती, आणि घरातलं मांस माझ्या भावाकडून यायचं.

निदान राखेची पिशवी तरी न्या, असं मी सांगितलं, तर म्हणाला, "आई, राख चुलीतच बरी."

"तिला तुमच्यापेक्षा अक्कल आहे, जावईबापू."

आमच्यात शिकारी निघाला की अंगातला न धुतलेला सदरा घरात टांगून जातो. माणूस परतेपर्यंत त्याचा वास घरात राहायला हवा, एवढंच आम्हाला ठाऊक. एका सकाळी या शहाण्याने तो सदरा आर्चाच्या, आमच्या डोंगरातल्या त्या उग्र वासाच्या झाडाच्या, लाकडांवर जाळला आणि त्या धुरात उघडा बसला. वासच उरला नाही तर वारा कुणाला काय सांगणार, असं त्याचं म्हणणं. आंघोळ केली असती तरी भागलं असतं, असं माझं.

त्या दुपारी मी समोरच्या कुरणातून पाहिलं. वारा त्याच्या पाठीवर, वर कळप रवंथ करत बसलेला, आणि हा मेंढपाळासारखा सरळ त्यांच्यात शिरला. एकाही बोकडाने मान वर केली नाही. जनावरंही याच्याइतकीच मठ्ठ झाली, असं मला वाटलं.

बोकड खांद्यावर घालून तो परतला तेव्हा आमचा कुत्रा अकतोश धावत आला, बोकड हुंगला, शेरमातच्या बुटांवरून नाक फिरवलं आणि धनी कुठे राहिला म्हणून वाटेकडे बघत बसला. शेरमात म्हणाला, कुत्रा म्हातारा झाला. आठवड्याने अनिपा हळूच म्हणाली, "आई, त्याच्या उशीला वासच येत नाही गं." देवाची कृपा समज, मी म्हटलं, पण मला हसू आलं नाही.

मुलगा झाला. आम्ही लेकराचं कपाळ हुंगतो. त्याच्या कपाळाला दुधाचा आणि तव्यावरून उतरलेल्या भाकरीचा वास होता. पोर बापाच्या कोटात द्यायचं नाही, असं मी अनिपाला बजावलं. कारण विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. एका दुपारी मी घोडींच्या धारा काढायला गेले, अनिपाचा डोळा लागला, आणि तेवढ्यात तो पोराला कोटात घालून डोंगरावर गेला.

परत आला तो छाती फुगवून. "आई, पार कळपात जाऊन बसलो याला घेऊन. एकानेही मान वर केली नाही. माझ्यावर गेलाय."

मी पोराला ओढूनच घेतलं. ते ऊबदार होतं, हसत होतं, माझं बोट धरून होतं. मी त्याच्या कपाळाला नाक लावलं. मग पुन्हा लावलं.

अकतोश आत आला. माझ्या मांडीवरून त्याने नाक फिरवलं, रिकाम्या पाळण्यातल्या दुपट्यापाशी जाऊन शेपूट हलवली, आणि बाळाला शोधायला बाहेर पळाला.