एमएचबीची ओळ

शेठने माझ्या खांद्यावरून वाकून टाइपरायटरमधल्या कागदावर बोट ठेवलं, तेव्हाच माझं डोकं फिरलं. काम करताना कुणी मानेवर श्वास सोडलेला मला खपत नाही.

कागदावर सुकलालच्या रक्ततपासणीच्या रिपोर्टचं भाषांतर चाललं होतं. सुकलाल आमच्या नवागामचा, शेठच्या पलसाण्याच्या डाइंगमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, रंग कालवणारा. शेठने त्याला इथल्याच रंगपुडीचे डबे देऊन पेरू देशातल्या गिऱ्हाइकाकडे पाठवलं होतं. तिथे पूड कालवताना त्याचे ओठ निळे पडले आणि तो कोसळला. घरी येईपर्यंत रक्त सुधारलं, त्यामुळे इथल्या तपासणीत काहीच निघेना. कामगार दवाखान्याचे डॉक्टर म्हणाले, तिथला रिपोर्ट इंग्रजीत आणा, नाहीतर सोमवारी कामावर जा. आणि काम म्हणजे तीच पूड.

रिपोर्ट स्पॅनिशमध्ये, तोही सगळा आद्याक्षरांत. म्हणून सुकलालची बायको सरलाबाई उधन्याच्या ऑफिसात माझ्यासमोर बाकावर बसली होती. शेठच्या परदेशी पत्रांसाठी मी पुण्यात आत्याकडे राहून स्पॅनिश शिकले होते. अख्ख्या ऑफिसात ती भाषा मला एकटीलाच येत होती.

व्हीएसजी म्हणजे आपलं ईएसआर, एचटीओ म्हणजे पीसीव्ही, असं भराभर चाललं होतं. मग आलं एमएचबी. मेथेमोग्लोबिन, प्रमाणाबाहेर. म्हणजे रक्त प्राणवायू वाहीनासं झालेलं. शेजारी तिथल्या डॉक्टरने शेरा मारला होता: रंगपुडीमुळे.

"धनश्रीबेन, आ एक एमज राखो ने," शेठ मधाळ गुजराती-हिंदीत म्हणाले. "समझ में नहीं आता तो आप ब्रैकेट में छोड़ देते हो ना? छोड़ दो."

ती पद्धत माझीच. न कळलेला शब्द मी अंदाजाने कधी ठोकून देत नाही, कंसात तसाच ठेवते. माझा प्रामाणिकपणा या माणसाला पडदा म्हणून हवा होता! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"शेठ, कंस मला न कळलेल्यासाठी असतो. हे मला चांगलं कळलंय."

"धनश्री, काय म्हनस तो?" सरलाबाईने विचारलं.

"वहिनी, त्या रंगनी पूडमुये व्हयनं हाई. तो माले लपाडाले सांगस."

शेठला आमची अहिराणी कळत नव्हती, पण सूर कळला. त्यांनी टाइपरायटरमधला कागद ओढून फाडला आणि रिपोर्टकडे हात नेला. सरलाबाई आधीच उठली होती. तिने रिपोर्टची घडी पोलक्यात खोचली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ले आते. हिंमत व्हई ते काढी ले!"

सगळं ऑफिस बघत होतं. शेठ लालबुंद झाले. "कल से मत आना," ते माझ्यावर ओरडले.

"नाही येणार. पेरूची पत्रं आता तुम्हीच वाचा." मी पर्स उचलली. भीती वाटली नाही असं नाही, पण राग तिच्याहून मोठा होता.

नवागामच्या टायपिंग क्लासात बसून मी भाषांतर पुन्हा केलं. एमएचबीची ओळ ठळक केली आणि खाली माझं नाव, माझ्या घराचा पत्ता घातला.

सोमवारी डॉक्टरांनी ती ओळ वाचली आणि सुकलालचा कामावर जाण्याचा दाखला बाजूला सारला.

"या पुडीवर पलसाण्यात आणखी कुणी आहे?" त्यांनी विचारलं.

सरलाबाईने दाराकडे पाहिलं.

"बलावू का? भाहेरच उभा शेतस सम्दा."